संगणक लागत नाही तेव्हा

संगणकाचे बटण दाबले आणि काहीच झाले नाही की कोणीतरी लगेच म्हणते, "जळाला!" पण दर वेळी तसे नसते. वाफ्यात पाणी आले नाही तर आपले वडील आधी मोटर बघतात, मग पाइप, मग पाट. विजेचेही तसेच आहे. ती भिंतीपासून पेटीपर्यंत येते. वाटेत कुठे अडली ते क्रमाने बघायचे.

बघताना मोठे माणूस जवळ हवे. हात कोरडे आणि पायात चप्पल हवी. भिंतीतली वीज २३० व्होल्टची असते. ती जीव घेऊ शकते. जळका वास किंवा धूर आला तर जवळ जाऊ नका, मोठ्यांना हाक मारा.

१) त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावा. चार्ज झाला नाही तर आधी सॉकेट नीट करून घ्यायचे.

२) भिंतीवरचे बटण बंद करून वायरची दोन्ही टोके घट्ट बसवा. मग बटण चालू करा.

३) बहुतेक पेट्यांच्या मागे एक लहान बटण असते. रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद.

४) पडद्याचा दिवा वेगळा असतो. तो लागला म्हणजे पेटीही चालू झाली असे नाही.

५) वायर काढून समोरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग वायर लावून पुन्हा बघा.

६) कान द्या. पंखा फिरतो पण चित्र नाही, तर पेटीत वीज येते आहे. पडद्याच्या वायरी बघा.

आमच्या शाळेचा संगणक जूनमध्ये लागेना. तालुक्याला न्यायचा तर जीपचे भाडे, आणि तोवर आमचा तास बंद! मग बाईंनी असे क्रमाने बघितले. तिसऱ्या पायरीला सापडले. सुट्टीत रंगकामासाठी टेबल सरकवले होते, तेव्हा मागचे बटण दबून बंद झाले होते. ते चालू केले आणि पंखा घुमायला लागला. एक रुपयाही लागला नाही.

एवढे करूनही लागला नाही तर थांबायचे. पेटीत एसएमपीएस नावाचा डबा असतो. तो २३० व्होल्टपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज तयार करतो. वायर काढली तरी त्याच्या आत वीज साठून राहते. म्हणून तो कधीच उघडू नये. कारागिराला बोलवावे आणि आपण काय काय बघितले ते सांगावे. त्याचा वेळ वाचतो.

— इयत्ता चौथी