कंठ कोणाचा?

आषाढी वारीसाठी बुलढाणा जिल्ह्यातील शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पंढरपुराकडे पायी निघते. टाळ वाजतात, मृदंग घुमतो आणि शेकडो वारकऱ्यांच्या मुखांतून अभंगाचा एकच घोष उठतो. रस्त्याच्या कडेला हात जोडून उभ्या असलेल्या माणसाच्या मनात, ‘हा आवाज खरोखर यांचाच आहे ना?’ अशी शंका कधीही येत नाही. गाणारा समोर असतो. चालून चालून त्याला धाप लागली, तर ती धापही अभंगात ऐकू येते.

तोच माणूस रात्री घरी येऊन दूरचित्रवाणीचा संच लावतो. तेथे एक गायक नाचतो, धावतो, गिरक्या घेतो. तरीही त्याचा सूर तसूभर ढळत नाही की श्वास चढत नाही. मग प्रश्न पडतो: हा गायक या क्षणी गात आहे, की आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर नुसते ओठ हलवीत आहे? मुलांनो, या प्रश्नाचा आपण नीट विचार करू या.

एके काळी हा प्रश्न संभवतच नव्हता. १८७७ साली एडिसनने फोनोग्राफ हे ध्वनिमुद्रणाचे यंत्र तयार केले. तोपर्यंत गाणे गायकापासून वेगळे काढताच येत नव्हते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ हे नाटक १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले. पुढे संगीत नाटकांचा मोठा बहर आला. नट रंगमंचावर स्वतः पदे गात, आणि ध्वनिवर्धक यंत्र नसलेल्या त्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवीत. पद आवडले की प्रेक्षक ‘वन्स मोअर’चा पुकारा करीत. नट तेच पद पुन्हा गाई आणि त्यात एखादी नवी तान घेई. आजचे गाणे कालच्यासारखे नसे, हीच त्याच्या जिवंतपणाची खूण होती.

१९३१ साली ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट प्रदर्शित झाला. पुढच्याच वर्षी ‘प्रभात’ संस्थेने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला. त्यात गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले होते आणि दुर्गा खोटे तारामती झाल्या होत्या. आपापली गाणी त्यांनी स्वतःच म्हटली. त्या आरंभीच्या काळात चित्रण आणि ध्वनिमुद्रण एकाच वेळी होत असे. म्हणून वादकांना कॅमेऱ्याच्या दृष्टीआड कोठेतरी दडून बसावे लागे, आणि एखादा सूर चुकला तर सारे दृश्य पुन्हा घ्यावे लागे.

१९३५ साली कलकत्त्याच्या ‘न्यू थिएटर्स’ने एक नवी युक्ती योजली. गाणे आधी मुद्रित करावे आणि चित्रणाच्या वेळी ते वाजवून नटाने त्यावर ओठ हलवावेत, अशी ती युक्ती होती. हेच पार्श्वगायन होय. यामुळे ज्याला अभिनय येतो त्याने अभिनय करावा आणि ज्याला गाता येते त्याने गावे, अशी सोय झाली.

परंतु या सोयीबरोबर एक अन्यायही आला. १९४९ सालच्या ‘महल’ या चित्रपटातील एक गीत लता मंगेशकर यांनी गायिले. त्याच्या ध्वनिमुद्रिकेवर मात्र गायिकेचे नाव ‘कामिनी’ असे छापले होते. कामिनी हे चित्रपटातील पात्राचे नाव! हा गोड आवाज कोणाचा, अशी श्रोत्यांनी आकाशवाणीकडे विचारणा केली, तेव्हा खरे नाव लोकांना कळले. पुढे पार्श्वगायकांची नावे सन्मानाने दिली जाऊ लागली. १९५९ साली फिल्मफेअर पुरस्कारांमध्ये पार्श्वगायनासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला, आणि तो पहिला पुरस्कार लता मंगेशकर यांनाच मिळाला. पडद्यावरचे ओठ एकाचे आणि कंठ दुसऱ्याचा, हे एकदा सर्वांना ठाऊक झाले की त्यात फसवणूक उरत नाही.

आता दूरचित्रवाणीकडे वळू. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर हळूहळू गाण्याचे कार्यक्रम महाराष्ट्राच्या घराघरांत दिसू लागले. असे कार्यक्रम तीन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात गायक आणि वादक दोघेही खरोखर गातात व वाजवितात. दुसऱ्या प्रकारात वाद्यांचा आवाज आधी मुद्रित केलेला असतो आणि गायक त्यावर प्रत्यक्ष गातो. तिसऱ्या प्रकारात वाद्ये आणि कंठ दोन्ही मुद्रित असतात. कलावंत केवळ गाण्याचा अभिनय करतात. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. कार्यक्रम आठ दिवसांपूर्वी चित्रित झाला असला, तरी त्या वेळी गायक खरोखर गायिला असेल, तर ते खरे गायनच होय. उलट, थेट प्रक्षेपण चालू असूनही गाणे आधी मुद्रित केलेले असू शकते.

मुद्रित गाणे वापरण्यामागे नेहमीच लबाडी असते असे नाही. पुष्कळ वाद्यांचे आवाज एकमेकांशी जुळवून घेण्यास वेळ लागतो. वेगाने नाचताना गायकाचा श्वास पुरत नाही. उघड्या मैदानावर वारा आणि थंडी आड येतात. २० जानेवारी २००९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा यांचा शपथविधी वॉशिंग्टन येथे कडाक्याच्या थंडीत झाला. इत्झाक पर्लमन, यो-यो मा, गॅब्रिएला मोंटेरो आणि अँथनी मॅकगिल या चौघा नामांकित वादकांनी तेथे वादन केले. परंतु लोकांनी ऐकला तो त्यांनीच दोन दिवस आधी मुद्रित केलेला ध्वनी होता. अशा थंडीत वाद्यांच्या तारा सुरात राहत नाहीत. म्हणून ही तजवीज केली होती. कला त्यांचीच होती, बोटे त्यांचीच होती. मात्र ही गोष्ट समारंभानंतर उघड झाली, म्हणून तिची चर्चा झाली. आधीच सांगितली असती, तर कोणी नावे ठेवली नसती.

याहून वेगळी उदाहरणेही आहेत. १९८९ साली अमेरिकेत ‘मिली व्हॅनिली’ नावाच्या जोडीचा कार्यक्रम चालू असता मुद्रित गाणे अडकले आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजू लागली. १९९० साली सिद्ध झाले की, या दोघांच्या नावे विकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रिकेत त्यांचा आवाज नव्हताच. त्यांना मिळालेला ग्रॅमी पुरस्कार काढून घेण्यात आला. २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिक उद्घाटनात लिन म्याओके ही नऊ वर्षांची मुलगी गाताना साऱ्या जगाने पाहिली. पण तो कंठ यांग पेयी या सात वर्षांच्या मुलीचा होता. अधिक शोभून दिसेल अशी मुलगी संयोजकांना पुढे हवी होती, म्हणून जिचा गळा गोड, तिलाच मागे ठेवले गेले. पुढे हे उघड झाले, तेव्हा अनेकांना वाईट वाटले. दोष त्या दोन्ही बालिकांचा नव्हता. तो मोठ्यांचा होता.

खरे गायन ओळखण्याच्या काही खुणा आहेत. माइक तोंडापासून दूर गेला की खरा आवाज क्षीण होतो. गायकाचा श्वास ऐकू येतो. तबल्यावर पडलेली थाप आणि कानी आलेला बोल यांचा मेळ बसतो. ध्वनिमुद्रिकेतील काही गाणी अखेरीस आवाज मंद करीत संपवितात. मंचावरील गाणेही तसेच विरत गेले आणि गायक मात्र मोठ्याने गाताना दिसला, तर शंका घेण्यास जागा आहे. तथापि नुसत्या खुणांवरून कोणावर आरोप करू नये. शंका वेगळी आणि पुरावा वेगळा.

विद्यार्थीमित्रांनो, यंत्र हे स्वतः खरे नसते की खोटेही नसते. मुद्रित गाण्यामुळेच आज हयात नसलेल्या गायकांचे सूर आपल्यापर्यंत पोचले आहेत. प्रश्न असतो तो सांगणाऱ्याच्या प्रामाणिकपणाचा. शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्ही मुद्रित गीतावर नृत्य करता, यात काहीच गैर नाही. फक्त निवेदन करणाऱ्याने गीत कोणी रचले, संगीत कोणी दिले आणि कंठ कोणाचा, हे आवर्जून सांगावे. आणि वर्गातील एखाद्याला गाता येत असेल, तर त्याला प्रत्यक्ष गाऊ द्यावे. त्याचा सूर कदाचित थोडा हलेल. पण तो त्याचा स्वतःचा असेल.

स्वाध्याय

१. ध्वनिमुद्रणाच्या शोधापूर्वी ‘कंठ कोणाचा?’ हा प्रश्न का पडत नव्हता?
२. पार्श्वगायनामुळे कोणती सोय झाली व कोणता अन्याय घडला?
३. वॉशिंग्टन आणि बीजिंग येथील प्रसंगांत कोणते साम्य व कोणता फरक आहे?
४. ‘शंका वेगळी आणि पुरावा वेगळा’ हे वाक्य उदाहरण देऊन स्पष्ट करा.
५. वाक्यात उपयोग करा : तसूभर न ढळणे, नावे ठेवणे, मेळ बसणे, आड येणे.
६. तुमच्या गावातील भजनी मंडळाचे गायन ऐका व त्याचे वर्णन दहा ओळींत लिहा.