पीठ मळायलाच हवं

काळजीच्या दिवसांत ब्रेड शिकायला घेणार असाल, तर न मळता होणाऱ्या ब्रेडपासून सुरुवात करू नका. एक कारण आपल्या हवेचं आहे, दुसरं मनाचं.

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली आणि पुण्यात आमच्या गल्लीत येणारा पाववाला यायचा थांबला. धाकटी बहीण न्यू जर्सीत. एप्रिलमध्ये न्यूयॉर्क आणि आसपासचा भाग करोनाने होरपळत होता. तिचा फोन आला की आधी रुग्णवाहिकांचे भोंगे ऐकू यायचे, मग तिचा आवाज. आजाराखेरीज काहीतरी बोलायचं म्हणून तिने ब्रेडची कृती सांगितली. “ताई, मळायचंसुद्धा नाही गं. चिमूटभर यीस्ट घाल आणि रात्रभर झाकून ठेव.”

ती कृती न्यूयॉर्कचे बेकर जिम लेही यांची. २००६ मध्ये मार्क बिटमन यांनी ती ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये दिली आणि तिथून ती घरोघरी गेली. पीठ १२ ते १८ तास ठेवायचं असतं, पण साधारण २१ अंशांच्या खोलीत. एप्रिलमध्ये आमचं स्वयंपाकघर रात्रीही तिशीच्या खाली येत नाही. उष्णता आठ-दहा अंशांनी वाढली की यीस्टचं काम जवळपास दुपटीने वेगात होतं. सकाळी पीठ फुगून पुन्हा खाली बसलं होतं, त्याला दारूसारखा आंबूस वास येत होता, आणि हातात घेतलं तर त्याची तार तुटत होती. भाजल्यावर ब्रेड चपटा आणि आतून ओलसर निघाला. दुकानात मैदा मिळायची मारामार होती, त्यामुळे ते फार लागलं.

त्याहून वाईट होती ती रात्र. पीठ बघायला उठायचं, उठले की फोन बघायचा, फोन बघितला की झोप जायची. आधीच जिवाला घोर असताना रात्रभर आंबत ठेवलेलं पीठ ही आणखी एक टांगती काळजी होते. म्हणून मी मळायच्या ब्रेडकडे वळले. दहा मिनिटं पीठ तिंबताना हात भरलेले असतात, फोन उचलता येत नाही. सुरुवातीला ओबडधोबड असलेला गोळा हळूहळू तळहाताखाली मऊ आणि तुकतुकीत होत जातो. बातम्यांमध्ये काहीच आपल्या हातात नसताना एवढं तरी आपल्या हातून होतं. मला त्या दिवसांत याचा फार आधार वाटला. मात्र ब्रेड हे औषध नाही. झोप उडाली असेल, छाती धडधडत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

पहिल्यांदा २५० ग्रॅम मैद्याचाच ब्रेड करा. एक सपाट चमचा मीठ, एक चमचा साखर, एक चमचा इन्स्टंट यीस्ट म्हणजे अंदाजे ३ ग्रॅम, आणि १६० मिलिलिटर पाणी. मळून होत आल्यावर चमचाभर तेल. थोडी कणीक घालायची असेल तर पाणी जरा वाढवावं लागतं, कारण चक्कीचं पीठ जास्त पाणी पितं. उन्हाळ्यात पाणी माठातलं घ्या, कोमट नको. थंडीत कोमट चालेल, पण बोट सुखाने बुडवता येईल इतकंच. साठ अंशांच्या पाण्यात यीस्ट मरतं.

यीस्टच्या बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घाला. त्या काळात सुटं यीस्ट पुडीत बांधून मिळत होतं. दमट हवेत उघडं राहिलेलं यीस्ट दिसायला चांगलं असतं आणि कामाला शून्य. अर्धी वाटी कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि चमचाभर यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवा. फेस आला तर पुढे जा, नाहीतर मैदा वाया घालवू नका. उघडलेलं पाकीट हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये ठेवा.

पुढे घड्याळापेक्षा गोळ्याकडे बघा. कृतीत दोन तास लिहिले असले तरी मे महिन्यात पाऊण तासात पीठ दुप्पट होतं. मग हवा काढून, आकार देऊन, तेल लावलेल्या डब्यात पुन्हा फुलू द्या. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा सावकाश अर्धामुर्धा भरून आला की भाजायला घ्या. ओव्हनमध्ये २०० अंशांवर अर्धा तास. खालून टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला पाहिजे. त्यानंतर तासभर कापू नका. आतला स्टार्च अजून बसायचा असतो, गरम कापलात तर चांगला झालेला ब्रेडही चिकट लागेल.

ओव्हन नाही म्हणून अनेकांनी तेव्हा कुकर वापरला. रिंग आणि शिटी लावून, आत पाणी न घालता कुकर तापवणं धोक्याचं आहे, आणि रिंग काढली तरी कोरडा तापवून कुकर खराब होतो. त्यापेक्षा जाड बुडाचं जुनं पातेलं घ्या, तळाशी मीठ पसरून जाळी ठेवा, वर घट्ट झाकण, आणि आधी दहा मिनिटं तापू द्या. वरून रंग कमी येतो, चवीत काही उणं होत नाही.

आणि पीठ सकाळी मळा. दुपारच्या जेवणाआधी ब्रेड हातात येतो आणि रात्र झोपेसाठी मोकळी राहते.