उंबऱ्यापासून 380 मीटरवर पवनचक्की

प्रश्न : आमची वस्ती शेतात आहे. शेजारच्या गटात कंपनीने पवनचक्की उभारली, आमच्या उंबऱ्यापासून 380 मीटरवर. ती सुरू होऊन चार महिने झाले. दिवसा जाणवत नाही, पण रात्री कुत्री गप्प झाली की पात्यांचा ‘हुप्प… हुप्प’ सुरू होतो. वडील अंगणात बाज टाकायचे, आता घरातही त्यांचा डोळा लागत नाही. ग्रामपंचायत म्हणते, ना-हरकत दिली आहे. काय करावं?
– एक शेतकरी, जि. धाराशिव

उत्तर : चार महिने गेलेत, म्हणून आधी मुदतीचं सांगतो. राष्ट्रीय हरित लवादाकडे कलम 14 खाली दाद मागायची तर कारण घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. सबळ कारण असेल तरच आणखी 60 दिवस मिळतात. अर्ज पुण्याच्या खंडपीठाकडे करायचा. वकील परवडत नसेल तर स्वतः बाजू मांडता येते.

केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत, आवाजाचा त्रास टाळण्यासाठी राहत्या घरापासून 500 मीटरच्या आत पवनचक्की नको, असं म्हटलं आहे. मुद्दा तुमच्या बाजूचा आहे, पण त्या सूचना आहेत, कायदा नव्हे. खरं बळ ध्वनिप्रदूषण नियम, 2000 मध्ये आहे. निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत आवाजाची मर्यादा 45 डेसिबल. शेतातली वस्ती निवासी भाग नाही, असं कंपनी म्हणेल. म्हणून घरपट्टीची पावती, वीजबिल, रेशनकार्ड जोडा. ग्रामपंचायतीच्या ना-हरकतीने हे नियम माफ होत नाहीत.

दुपारच्या मोजणीवर समाधान मानू नका. रात्री जमिनीलगत वारा पडतो, वर मात्र वाहत असतो. पाती फिरतात आणि आवाज झाकायला खाली काहीच नसतं. ‘रात्री, आमच्या अंगणात मोजा’ असा लेखी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्या, पोच घ्या. तोवर वहीत तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि कोण जागं होतं ते रोज लिहा. मोबाइलवरच्या आकड्यापेक्षा अशा वहीला मी जास्त किंमत देतो.

चक्की हलवा, ही मागणी सहसा अडून बसते. रात्री तिचा वेग कमी ठेवा, ही मागणी आधी मांडा. आधुनिक चक्क्यांत तशी सोय असते. वीज थोडी कमी होते, म्हणून कंपनी आपणहून ती वापरत नाही. वडिलांची झोप त्याहून मोलाची आहे, हे अर्जात तुमच्याच शब्दांत लिहा.