सुट्टीच्या दिवशी उडता येईल का?

प्रश्न : मी डोंबिवलीत राहतो, नोकरी ठाण्याला. विमान कंपनीत जायचे नाही, पण हौस म्हणून स्वतः उडायला शिकायचे आहे. जवळपास सोय आहे का?

उत्तर : आहे, पण कल्याण-डोंबिवलीत नाही. नेवाळीला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी आहे खरी. मात्र त्या जमिनीवरून संरक्षण खाते आणि शेतकरी यांच्यात जुना वाद आहे, जून २०१७ मध्ये तिथे आंदोलन पेटले होते. शिवाय मुंबईला ये-जा करणाऱ्या विमानांमुळे आपल्याकडचे आकाश हौशी उड्डाणाला मोकळे नाही.

तुम्ही पॅराग्लायडिंगपासून सुरुवात करा. कल्याणहून लोणावळा गाठा, पुढे पुणे लोकलने मळवलीनंतरचे स्टेशन कामशेत. तिथल्या टेकड्यांवर साधारण ऑक्टोबर ते मे उड्डाणे चालतात, पावसाळ्यात बंद. याला इंजिन नसते. टेकडीवर आदळलेला वारा उतारावरून वर चढतो, त्याच पट्ट्यात येरझाऱ्या घालत तरंगायचे. आधी शिकवतात ते मात्र जमिनीवरच. कापडी पंख गवतावर अर्धचंद्रासारखा पसरायचा, दोऱ्यांत गुंता नाही ना हे एकेक करून पाहायचे, वाऱ्याकडे तोंड करून पुढे झुकत धावायचे आणि पंख डोक्यावर आला की तो तिथेच स्थिर धरायचा. हे जमेपर्यंत टेकडीवरून उडायची घाई करू नका.

पाठीवर इंजिन बांधले की त्याचेच पॅरामोटर होते. ग्लायडर हे लांब पंखांचे बिनइंजिनी विमान. विंचच्या तारेने ओढून ते वर सोडतात. पुण्यात हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग केंद्र आहे. जाण्याआधी चौकशी करा.

खरेखुरे विमान चालवायचे तर खासगी वैमानिकाचा परवाना लागतो. त्यासाठी वय किमान १७, दहावी उत्तीर्ण, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान ४० तासांचे उड्डाण. जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना १९२८ची; तिथेच शिकून जे. आर. डी. टाटांनी १९२९ मध्ये भारतात दिलेला पहिला परवाना मिळवला. इंधनासकट प्रत्येक तासाचे पैसे मोजावे लागतात, त्यामुळे नोकरदाराला ही हौस जड जाते.

पैसे भरण्याआधी नीट विचारा. प्रशिक्षकाच्या पुढ्यात बसून केलेली टँडम फेरी म्हणजे शिक्षण नव्हे. प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र आणि राखीव पॅराशूट बघायला मागा; दाखवायला टाळाटाळ झाली, तर तिथून परत फिरा.