हिवाळ्यात पहाटे फिरायला निघण्याआधी

आमचे बाबा चंद्रपूरचे. पहाटे फिरायला जाण्याचा त्यांचा नेम भर डिसेंबरातही चुकायचा नाही. नाकाला रुमाल बांधायचे आणि रामाळा तलावाकडे निघायचे. पहाटेची हवा म्हणजे औषध, हे त्यांचं ठाम मत. हिवाळाभर खोकला असायचा. थंडी बाधली म्हणून घरात काढा उकळायचा. एका जानेवारीत छातीत कळ आली आणि दवाखाना गाठावा लागला. डॉक्टरांनी विडी-तंबाखूचं विचारलं, शुगरचं विचारलं, मग फिरायला जाण्याची वेळ विचारली.

त्या दिवशी कळलं ते घरोघरी कळायला हवं. हिवाळ्यात रात्री जमीन गार पडते आणि तिच्यालगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली कोंडते. कोळशाचा धूर, ट्रकांनी उडवलेली धूळ, सिगड्या, पेटवलेला कचरा, सगळं खालीच साचतं. ऊन तापेपर्यंत हलत नाही. त्यातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुफ्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतात, अतिसूक्ष्म कण तर रक्तातही उतरतात. म्हणून हा त्रास नुसत्या दम्या-खोकल्याचा नाही. हृदयविकार आणि लकव्याचा धोकाही त्यानेच वाढतो.

तेव्हा खोकला दर हिवाळ्यात परत येत असेल तर काढ्यावर भागवू नका, छाती तपासून घ्या. इनहेलर दिला असेल तर बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका. रुमालाने हे कण अडत नाहीत. नाकाशी घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर हवेचा निर्देशांक बघा, पण ‘समाधानकारक’ या शेऱ्यावर निर्धास्त होऊ नका. हे कण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असले तरी आपल्याकडे तो शेरा मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांची मर्यादा १५ आहे.

एकट्याच्या मास्कने वस्तीची हवा सुधारत नाही. गल्लीत पालापाचोळा पेटला तर जाऊन विझवायला सांगा. कुठून धूर येत असेल तर तारीख, वेळ आणि फोटो जोडून प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा, आणि अर्जावर शेजाऱ्यांच्याही सह्या घ्या. शाळेची पहाटेची कवायत हिवाळ्यापुरती उशिरा ठेवा, असं पालकसभेत मांडा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, गरोदर बायांना, दमेकरी लेकरांना ऊन चांगलं वर आल्याशिवाय फिरायला पाठवू नका.