दाब, दृढता आणि गळती

नोझलचे कार्य सांगावयास सोपे आहे. दाबाखाली असलेल्या द्रवाला एका अरुंद तोंडातून बाहेर पडू द्यावयाचे आणि दाबाच्या रूपाने त्यात असलेली ऊर्जा वेगात बदलून घ्यावयाची. अग्निशामक दलाच्या होजची तोटी, पेल्टन चक्रावर पाणी सोडणारे तोंड, डिझेल एंजिनात इंधनाचा फवारा उडविणारी सुई-झडप ही सर्व एकाच कुळातील साधने होत. पोलादाची जाड पत्रे कापणाऱ्या जलधारा-यंत्रात पाण्याचा दाब सुमारे ४,००० वातावरणांपर्यंत नेतात. नीलम किंवा हिरा यांसारख्या कठीण खड्यातील अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान छिद्रातून ते बाहेर पडते, तेव्हा त्याचा वेग हवेतील ध्वनीच्या वेगाच्या सुमारे अडीचपट असतो.

परंतु अभियंत्याने ठेवलेले तोंड आणि नकळत राहिलेली फट यांत द्रव भेद करीत नाही. त्यामुळे एक वाट मोकळी ठेवून बाकीच्या सर्व वाटा बंद राखणे हाच नोझलच्या रचनेतील खरा प्रश्न असतो.

बल किती येते?

दाबाला क्षेत्रफळाने गुणले म्हणजे बल मिळते. पाच सेंटिमीटर व्यासाच्या होजमध्ये दर चौरस सेंटिमीटरला १० किलोग्रॅम इतका दाब आहे आणि तोटीचे तोंड बंद आहे, असे समजू. होजच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर असल्यामुळे तोटीला सांध्यापासून उखडू पाहणारे बल १९६ किलोग्रॅम भरते. म्हणजे सांध्याला तीन धडधाकट माणसे लोंबकळत असल्यासारखेच हे होय.

व्यास निम्मा केला, तर बल चौथ्या हिश्शावर येते. यातूनच रचनेचा पहिला नियम निघतो : गळती रोखणारी रेषा शक्य तितक्या लहान व्यासावर आणावी. अतिउच्च दाबाच्या नळ्यांचे सांधे म्हणूनच शंकूच्या आकाराचे करतात. आतील आणि बाहेरील शंकूंच्या कोनांत एक-दोन अंशांचा फरक मुद्दाम ठेवलेला असतो. त्यामुळे धातू धातूला रुंद पट्ट्यावर न टेकता एका अरुंद वर्तुळावर टेकतो आणि तेथे तो घट्ट दाबला जातो. अशा जोडणीला बाजूने एक बारीक छिद्रही असते. गळती झालीच, तर द्रव त्यातून बाहेर दिसतो आणि आट्यांवर त्याचा दाब साचत नाही.

भिंत जाड केली म्हणजे झाले काय?

दाब वाढला की भिंत जाड करावी, असे सहजच वाटते. काही मर्यादेपर्यंत ते खरेही आहे. परंतु फ्रेंच गणिती गाब्रिएल लामे (१७९५-१८७०) यांच्या सूत्रांवरून एक विलक्षण गोष्ट दिसून येते. नळीचा बाहेरचा व्यास आतल्याच्या दुप्पट असेल, तर आतल्या पृष्ठभागावर परिघाच्या दिशेने येणारे ताणाचे प्रतिबल द्रवाच्या दाबाच्या १.६७ पट असते. व्यास तिप्पट केला, तर ते १.२५ पट होते. भिंत कितीही जाड केली, तरी हे प्रतिबल दाबाच्या खाली कधीच उतरत नाही. बाहेरचे पोलाद जवळजवळ निवांत असते आणि भार आतल्या थरालाच सोसावा लागतो.

यावरील तोड आपल्याकडील लोहाराला फार पूर्वीपासून माहीत आहे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवितात. ती निवली की आकसते आणि लाकडी चाक आवळून धरते. याच रीतीने आतल्या नळीवर बाहेरची नळी तापवून चढविली, तर दाब येण्यापूर्वीच आतला थर आवळलेला राहतो. दाब आल्यावर प्रथम हे आवळणे फिटते आणि ताण त्यानंतरच सुरू होतो. एकाच नळीत प्रारंभी अतोनात दाब देऊन आतला थर कायमचा थोडा ताणला, तरी दाब काढल्यावर बाहेरचा थर त्याला आवळतो आणि तोच परिणाम साधतो.

सांध्यातील फट

बोल्टने आवळलेल्या सांध्याविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. बोल्ट तुटत नाही, तोवर सांधा सुरक्षित आहे असे मानले जाते. वास्तविक बोल्ट ही एक अतिशय ताठ स्प्रिंगच होय. आवळताना तो किंचित लांबतो आणि त्या ताणाने दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर दाबले जातात. द्रवाच्या बलाने हा दाब नाहीसा झाला, की बोल्ट शाबूत असतानाही फट पडते. फ्लँज पातळ असेल, तर दाबामुळे ती वाकते आणि आतल्या कडेला उघडते. सारांश, दृढता आणि गळतीरोध हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. पुरेसे बळकट असणे आणि पुरेसे ताठ असणे या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीमुळे वस्तू फुटत नाही, दुसरीमुळे ती उघडत नाही.

दाबालाच राखणदार नेमणे

फट किंचित उघडणारच असेल, तर तिच्यामागे सरकणारी गादी हवी. हार्वर्ड विद्यापीठातील पर्सी ब्रिजमन यांना १९४६ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या कार्याचा पाया अशाच एका युक्तीवर उभा होता. त्यांच्या बुचाला छत्रीसारखे डोके आणि मधोमध दांडा असे. डोक्याच्या खाली, दांड्याभोवती मऊ पदार्थाची गादी बसविलेली असे. दांडा मोकळ्या भोकात असल्याने त्याला आधार नव्हता. समजा, डोक्याचे क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटर आणि दांड्याचे १ आहे. मग पाचांवरचे सारे बल गादीच्या चारांवर येते आणि गादीतील दाब द्रवाच्या दाबाच्या सव्वापट होतो. द्रवाचा दाब कितीही वाढो, गादीतील दाब त्याच्या पुढेच राहतो. द्रव स्वतःच स्वतःची वाट बंद करतो.

नील्स क्रिस्टेन्सन यांना १९३९ मध्ये अमेरिकेत ज्या ओ-रिंगचे पेटंट मिळाले, तिचेही तत्त्व याच जातीचे आहे. खोबणीतील रबरी कडे दाबामुळे फटीकडे ढकलले जाते आणि ती बुजविते. मात्र येथे दोन अटी आहेत : फट इतकी अरुंद हवी की रबर तिच्यात पिळून जाऊ नये आणि रबर इतके चपळ हवे की फट उघडताच त्याने तिचा पाठलाग करावा.

१९८६ चा धडा

या अटी मोडल्या म्हणजे काय होते, हे २८ जानेवारी १९८६ रोजी दिसले. अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाच्या घन-इंधन रॉकेटांचे कवच अनेक खंड जोडून बनविलेले होते. प्रज्वलन होताच आतील वायूच्या दाबाने हे कवच फुगे. सांध्याजवळचा भाग अधिक ताठ असल्याने तो तितका फुगत नसे. परिणामी सांध्याचे दोन ओठ किंचित वळत आणि ओ-रिंगपुढची फट रुंदावे. त्या सकाळी हवेचे तापमान सुमारे २ अंश सेल्सियस होते आणि गारठलेले रबर त्वरेने पूर्ववत होऊ शकले नाही. तप्त वायूने वाट काढली. उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. चौकशी आयोगापुढे रिचर्ड फाइनमन यांनी चिमट्यात आवळलेला रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखविला. चिमटा काढल्यावरही रबर काही वेळ तसेच दबलेले राहिले.

पुढे हा सांधा नव्याने रचण्यात आला. ओठ वळू नयेत म्हणून त्याला एक जादा पकड दिली, तिसरी ओ-रिंग बसविली आणि सांधा ऊबदार राखण्याची सोय केली. सप्टेंबर १९८८ मध्ये उड्डाणे पुन्हा सुरू झाली. या दुरुस्तीचा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. जादा पकडीने फटीची हालचाल रोखली, आणि बाकीच्या दोन उपायांनी उरलेल्या हालचालीमागे धावणाऱ्या गादीला बळ दिले. होजच्या साध्या तोटीपासून जलधारा-यंत्रापर्यंत सर्वत्र रचनाकाराने स्वतःस हेच विचारावयाचे असते : दाब आल्यावर कोणता भाग किती सरकेल, आणि तो सरकला असता गळती रोखणारा भाग त्याच्याबरोबर जाईल काय?