पक्षी-छायाचित्रणाचा अभ्यासक्रम निवडताना

गेल्या उन्हाळ्यात आपल्या विद्यालयाचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. तो घरोघरी वीजजोडणीची कामे करतो. दोन वर्षे पैसे साठवून त्याने एक वापरलेला कॅमेरा आणि ३०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स घेतली होती. "सर, पक्ष्यांचे फोटो धड येत नाहीत. एखादा कोर्स करावा म्हणतो. कोणता करू?" त्याच्या हाती तीन जाहिराती होत्या. एकीत दोन दिवसांत निष्णात करण्याचे वचन होते, दुसरीत व्याघ्रप्रकल्पातील सफारीसह शिबिर, तर तिसरीत केवळ ध्वनिचित्रफितींचा संच. तिन्हींपैकी कोणत्याही एकाचे शुल्क म्हणजे त्याच्या कित्येक आठवड्यांची मिळकत होती. त्यामुळे चटकन उत्तर देणे मला बरे वाटले नाही.

इतिहासाचा विद्यार्थी असल्याने मी आधी मागे वळून पाहतो. इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या डोंगराळ भागात वाढलेले रिचर्ड व चेरी किअर्टन हे दोघे भाऊ शेतकऱ्याची मुले होती. १८९२ साली त्यांनी पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र घेतले आणि १८९५ मध्ये ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. पक्ष्यांच्या जवळ जाता यावे म्हणून त्यांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ सांगाडा तयार केला व त्यात दडून छायाचित्रे घेतली! त्यांना कोणता अभ्यासक्रम उपलब्ध होता? लहानपणापासून रानात हिंडताना झालेली पक्ष्यांची ओळख, हीच त्यांची शिदोरी. कॅमेरा नंतर आला.

हा क्रम मला स्वतःला उशिरा उमगला. सुमारे बारा वर्षांपूर्वी मी अशाच एका दोनदिवसीय शिबिरास गेलो होतो. मार्गदर्शक एक आणि आम्ही पंचवीस जण. भर दुपारी माळावर टिटवीचे घरटे दिसले. घरटे म्हणजे खड्यांमधील उथळ खळगी, तीत चार ठिपकेदार अंडी. आम्ही अर्धवर्तुळ करून बसलो. टिटवी पंख पसरून आकांताने ओरडत होती आणि आमचे शटर वाजत होते. माझे ते छायाचित्र फार उत्तम आले. दोन वर्षे ते आमच्या बैठकीच्या खोलीत टांगलेले होते. पुढे पक्ष्यांविषयी वाचताना कळले, की कडक उन्हात टिटवी अंड्यांवर सावली धरते आणि पोटाची पिसे पाण्यात भिजवून येऊन त्यांना गारवा देते. आम्ही तिला अर्ध्या तासाहून अधिक काळ त्या कामापासून दूर ठेवले होते. त्या अंड्यांचे काय झाले, ते आमच्यापैकी कोणीही पाहावयास गेले नाही. चित्र मी उतरवून ठेवले. वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणे हे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील 'शिकार' या संज्ञेच्या व्याख्येतच येते, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हते. आणि शिबिरात ते कोणी सांगितलेही नाही.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मी सांगितले, की शुल्क भरण्यापूर्वी आयोजकास फोन कर आणि पहिला प्रश्न घरट्यांविषयी विचार. "घरट्याचे चित्र मिळेल ना?" असे विचारताच जो आनंदाने होकार देईल, त्याच्याकडे जाऊ नकोस. एका शिक्षकामागे किती शिकणारे असतील, हे विचार. आपण काढलेली चित्रे समोर ठेवून त्यांतील दोष कोणी समजावून सांगणार आहे काय, हे तर विचारच. माझ्या मते शुल्क खरे त्याचेच असते. यंत्राची बटणे पुस्तिकेतूनही शिकता येतात. पण माझ्याच चित्रात बगळा पांढऱ्या ठिगळासारखा का दिसतो, हे पुस्तिका सांगत नाही. काळसर पाण्यावरील बगळा टिपताना कॅमेरा एकूण दृश्य अंधारे समजून प्रकाश वाढवतो आणि पिसांतील बारकावे पुसले जातात. तेथे एक्स्पोजर हाताने कमी करावे लागते. उजळ आकाशापुढील काळ्या कोतवालाच्या बाबतीत नेमके उलट.

शटरगतीचेही तसेच. उडत्या पक्ष्यासाठी सेकंदाचा १/२००० भाग हाताशी असावा. बसलेल्या पक्ष्याला इतकी गती लागत नाही. परंतु हातात धरलेली लेन्स ३०० मिलिमीटरची असेल, तर किमान १/३०० तरी हवी, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर त्याहूनही अधिक. पक्षी स्थिर असला तरी आपला हात स्थिर नसतो, हे नवशिका विसरतो. लक्ष्यबिंदू डोळ्यावर असावा, आणि शक्य असल्यास पक्ष्याच्या उंचीला येऊन, प्रसंगी चिखलात पालथे पडून चित्र घ्यावे.

सफारीची जाहिरात मी बाजूला ठेवावयास सांगितले. सफारीत वाहन कोठे व किती वेळ थांबेल, हे शिकणाऱ्याच्या हाती नसते. त्यापेक्षा घराजवळचे एखादे तळे वर्षभर पाहावे. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर किंवा उजनीच्या फुगवट्यावरील भिगवण जवळ असलेल्यांचे भाग्य मोठे. पण गावतळेही पुरते. पक्ष्यांचे ज्ञान हवे असेल, तर १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा पक्षीशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम मला छायाचित्रणाच्या अनेक शिबिरांहून अधिक उपयुक्त वाटतो. घरी बसून शिकावयाचे, तर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेने पक्षी-छायाचित्रणाचा दूरस्थ अभ्यासक्रम तयार केला आहे. मात्र तो इंग्रजीत आहे. ओळख पटविण्यासाठी त्याच संस्थेचे 'मर्लिन' हे अ‍ॅप विनामूल्य मिळते.

त्याने तिन्ही जाहिराती घडी करून खिशात ठेवल्या. तूर्त तो दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या तळ्यावर जातो. मागील महिन्यात त्याने खंड्याचे एक चित्र पाठविले. मान, चोच, निळी पाठ, सारे किंचित हललेले. खाली लिहिले होते, "सर, पक्षी तर अगदी स्तब्ध बसला होता. मग असे का?" मी शटरगती विचारली. उत्तर आले : १/१२५.